चांदीचे नॅनोकण करायला घेताय? मग वरचं पाणी फेकू नका

सोलापूरकडे एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या प्रोजेक्टला 'नॅनो' घ्यायचं म्हटलं की विषय जवळजवळ ठरलेलाच असतो. सिल्व्हर नायट्रेट, त्यातल्या चांदीचे कण बनवायला कुठल्यातरी सालीचा नाहीतर पाल्याचा अर्क, आणि शेवटी जिवाणूंवर परिणाम. त्यात आपल्याकडे डाळिंबाच्या सालींना तोटा नाही, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आहे, त्यामुळे प्रस्तावनेचं पहिलं पान बसल्या जागी लिहून होतं. विषय वाईट नाही. मीही त्याच वाटेने आले. फक्त ही वाट दिसते तेवढी सरळ नाही.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, हे तुम्हाला माहीत आहे असं धरते. एकच आकडा लक्षात ठेवा. एक सेंटीमीटरच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटीमीटर असतो. त्याचेच १० नॅनोमीटरचे बारीक घन पाडले तर पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर. उत्प्रेरक म्हणून कण भारी का, औषध त्यावर का चढवता येतं आणि तेच कण फुप्फुसात गेले तर त्रास का, या तिन्हींचं बरंचसं उत्तर या एका हिशोबात आहे.

पहिली अडचण पाण्याची. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, बोअरचं जड, आणि लॅबचं डिस्टिलेशन युनिट बंद, हे चित्र तुम्हाला नवं नसेल. मग कुणीतरी बॅटरीच्या दुकानातून इन्व्हर्टरमध्ये घालायच्या पाण्याचा कॅन आणतं. आणा, पण वापरण्याआधी परीक्षानळीत थोडं घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका आणि मागे काळा कागद धरून बघा. जराशी जरी पांढरी धूसर झाक दिसली तरी त्यात क्लोराइड आहे. तुमची चांदी सिल्व्हर क्लोराइड होऊन बसणार आणि तुम्ही अर्काला दोष देत राहणार.

दुसरी अडचण ऊन. एप्रिल-मे महिन्यात रात्रभर बाहेर राहिलेला अर्क सकाळी आंबलेला असतो. फ्रीजमध्ये ठेवा, शक्यतो त्याच दिवशी वापरा, आणि वहीत 'रूम टेंपरेचर' असं लिहू नका. आपलं जानेवारीतलं आणि मे महिन्यातलं रूम टेंपरेचर एक नव्हे. रंग यायचा वेळ त्यावर बदलतो.

आता मुख्य गोष्ट. इथे मी लांबण लावणार आहे, चालवून घ्या.

द्रावण पिवळं होतं, मग तपकिरी. यूव्हीवर, म्हणजे द्रावण कुठला प्रकाश शोषतं ते दाखवणाऱ्या यंत्रावर, ४२० नॅनोमीटरच्या आसपास शिखर येतं, ही चांदीचे कण झाल्याची खूण. सगळे खूश. नमुना मायक्रोबायोलॉजी विभागात जातो, जिवाणू वाढवलेल्या आगर प्लेटवर, नमुना भरलेल्या छोट्या खड्ड्याभोवती (त्याला विहीर म्हणतात) जिवाणू न वाढलेलं स्वच्छ कडं पडतं, मिलिमीटरमध्ये मोजमाप होतं, तक्ता तयार. निष्कर्ष: नॅनोकण जिवाणूनाशक आहेत. पण ते कडं पाडलं कुणी?

१ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट म्हणजे १०० मिलिलिटरला साधारण १७ मिलिग्रॅम. त्यातली सगळी चांदी कणांत गेली असं कुणी सांगितलं? रंग थांबला म्हणजे आयन, म्हणजे द्रावणातले चांदीचे सुटे भारित अणू, संपले असं नसतं. उरलेले चांदीचे आयन जिवाणू मारतातच. भाजलेल्या जखमांवर चांदीचं मलम लावतात ते उगाच नाही. शिवाय आयन आगरमधून सहज पसरतात, कण जागचे फारसे हलत नाहीत. म्हणजे कड्याची ही चाचणी मुळातच आयनांच्या बाजूने झुकलेली. भरीस भर डाळिंबाच्या सालीतली टॅनिनं (तुरट संयुगं) स्वतःही जिवाणूंना आवर घालतात. तीन संशयित एकाच विहिरीत, आणि आपण श्रेय दिलं एकट्या कणांना.

माझ्या सादरीकरणाला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी एवढंच विचारलं, "सेंट्रिफ्यूजनंतरचं वरचं पाणी कुठं आहे?" नमुना यंत्रात गरगर फिरवून कण तळाला बसले की वर जे द्रावण उरतं, ते हे पाणी. ते मी बेसिनमध्ये ओतलं होतं.

म्हणून ते पाणी बाटलीत भरून, नाव-तारीख घालून ठेवा. प्लेटवर धुतलेल्या कणांची विहीर तर हवीच, पण शेजारी वरच्या पाण्याची, नुसत्या अर्काची आणि तेवढीच चांदी असलेल्या सिल्व्हर नायट्रेटचीही हवी. वरच्या पाण्यात मिठाचं द्रावण टाकून बघा. पांढरं झालं तर आयन शिल्लक आहेत. नाही झालं तरी निश्चिंत होऊ नका, अर्कातली संयुगं चांदीला धरून ठेवू शकतात. खात्रीसाठी आयसीपी, म्हणजे द्रावणातली चांदी मोजणारं यंत्र, लागतं. कण धुताना गुठळ्या झाल्या तर डायलिसिसची पिशवी वापरा, तिच्यातून आयन बाहेर जातात, कण आत राहतात. आणि कडं मोजून थांबू नका, ब्रॉथमध्ये (जिवाणूंच्या पातळ खाद्यात) एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा, काढा. मात्र ब्रॉथमध्येही क्लोराइड असतं हे ध्यानात असू द्या.

एवढं करूनही गोष्ट संपत नाही. हवेतल्या ऑक्सिजनमुळे कण हळूहळू झिजून आयन सोडत राहतात, म्हणून जुन्या बाटलीतला नमुना म्हणजे नव्याने धुवायचा नमुना. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या गटाने ऑक्सिजन नसलेल्या वातावरणात चांदीचे कण ई. कोलाय या जिवाणूवर तपासले, तेव्हा त्यांचा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. मारत होते ते आयन. म्हणजे विषय बाद झाला का? अजिबात नाही. आयन सावकाश सोडणारा साठा म्हणून कण कामाचेच आहेत, आणि वरच्या पाण्याच्या विहिरीभोवती मोठं कडं पडलं तर तोही निकालच. मांडायला लाजू नका.

सीनियरची जुनी वर्ड फाईल घेऊन आकडे बदलण्याचा धंदा करू नका. परीक्षकांनी ती फाईल आधी पाहिलेली असते. गाईड निवडताना त्यांचे पेपर किती आहेत हे कमी बघा. ग्रुप मीटिंगमध्ये ते 'कंट्रोल कुठंय?', म्हणजे तुलनेचा नमुना कुठंय, असं विचारतात का, ते बघा. माझं स्पष्ट मत आहे, फार गोड बोलणारा गाईड वर्षभर सुखाचा आणि व्हायवाला महागाचा.

आकाराचंही थोडक्यात. एक्सआरडीवरून (क्ष-किरणांच्या चाचणीवरून) शेररच्या सूत्राने येतो तो स्फटिकाचा आकार, कणाचा नव्हे. डीएलएस (द्रावणातल्या कणांवरून विखुरलेल्या प्रकाशाची चाचणी) पाण्याचं आणि अर्काचं वेष्टन धरून आकार सांगतं, म्हणून तो टीईएमपेक्षा (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकापेक्षा) मोठा येतो. तिन्ही आकडे जुळले नाहीत म्हणून रडू नका, ते सहसा जुळत नाहीतच. उलट तंतोतंत जुळले तर मला शंका येईल.

सुरक्षिततेबाबत मी कडकच बोलणार. कोरडी नॅनोपावडर पंख्याखाली वजन करू नका. उन्हाळ्यात पंखा बंद करायचा जिवावर येतो, तरी करा. उन्हात बांधायचा स्कार्फ हा मास्क नव्हे, एन-९५ घ्या. जमेल तिथे पावडर करूच नका, कण द्रावणातच ठेवा. सोन्याच्या कणांसाठी काचसामान अॅक्वा रेजियाने (तीव्र आम्लांच्या मिश्रणाने) धुवाल तेव्हा ते फ्यूम हूडमध्ये, लागेल तेवढंच ताजं करा आणि बाटलीत झाकण लावून कधीही ठेवू नका, वायू साठून बाटली फुटते. टॉलेन्सचं (चांदी आणि अमोनियाचं) द्रावणही उद्यासाठी ठेवायचं नाही, त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो. चांदीचा कचरा वेगळ्या कॅनमध्ये. बोटं काळी पडली तर घाबरू नका, काही दिवसांत जातं. पण काळी पडली म्हणजे हातमोजे घातले नव्हते, हे सगळ्यांना कळतं.

औषधाचं आकर्षण असेल तर एक गोष्ट आधीच सांगते. बाजारात टिकलेली नॅनो-औषधं बहुतेक चरबीची आणि प्रथिनांची आहेत. १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं डॉक्सिल म्हणजे लिपोसोममध्ये (चरबीच्या सूक्ष्म पिशवीत) भरलेलं डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध. २००५ चं अॅब्रॅक्सेन अल्ब्युमिन या प्रथिनावर, २०१८ चं ऑनपॅट्रो लिपिड (चरबीच्या) कणांत, आणि कोविडच्या एमआरएनए लशीही लिपिडमध्येच. साधारण ६ नॅनोमीटरच्या खालचे कण मूत्रपिंडातून निघून जातात, मोठ्यांना यकृत आणि प्लीहा गाठतात. २०१६ मध्ये जुने प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा टोचलेल्या मात्रेतला जेमतेम ०.७ टक्के भागच (मध्यक, म्हणजे मधला आकडा) कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोचलेला आढळला. म्हणून प्रबंधात 'थेट कर्करोगाच्या पेशींवर मारा' असं लिहिताना हात आवरा. भारतातही नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचना २०१९ मध्ये आल्या आहेत, त्या वाचा. अर्ध्या पुस्तकांपेक्षा त्यांतून जास्त कळतं.

निदानात सोनं पुढे आहे. रॅपिड कोविड किटवर उमटणारी तांबडी रेघ बहुतेकदा सोन्याच्या कणांचीच. मीठ घातलं की लाल द्रावण निळसर होतं, हा प्रयोग एकदा स्वतः करा. कण एकमेकांना चिकटले की रंग बदलतो, हे पुस्तकापेक्षा डोळ्यांना लवकर पटतं.

आणि सालींचा कंटाळा आला असेल तर आपल्या गावचाच विषय घ्या. चांदी लावलेले टॉवेल. २००८ मध्ये अॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी चांदीचे मोजे धुऊन पाहिले, तेव्हा काहींतली चांदी मोजक्या धुण्यांत जवळजवळ निघून गेली. आपल्या टेरी टॉवेलचं काय होतं, हे मोजायला आयसीपीची वेळ आणि एक बादली पुरते.

नोकरीचं विचाराल तर जाहिरातीत 'नॅनो' क्वचितच लिहिलेलं असतं. पुण्या-हैदराबादच्या कंपन्या एचपीएलसी (मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजणारं यंत्र) येतं का, आणि कॅलिब्रेशनची नोंद नीट ठेवता का, हे विचारतात. ते प्रोजेक्टमध्ये शिकून घ्या.

टीईएम मात्र आधीपासून धरा. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात किंवा मुंबईला आयआयटीत वेळ मागायची तर सत्राच्या सुरुवातीलाच मागा, परीक्षेआधी सगळेच मागतात. मे महिन्यात नमुना कुरिअरने पाठवू नका. बाटली थर्मासमध्ये ठेवून स्वतः घेऊन जा आणि ग्रिडवर (टीईएममध्ये नमुना ठेवायच्या बारीक जाळीवर) थेंब तिथेच टाका. सोबत वरच्या पाण्याचीही एक बाटली न्या, त्यात बारीक कण उरलेत का तेही कळेल.