आवाजातून डेटा कसा पाठवायचा: 300 बिटांचा मॉडेम स्वतः बनवा

मॉडेम म्हणजे 0-1 च्या डेटाची लहर करून पाठवणारं आणि पलीकडे लहरीचा पुन्हा डेटा करणारं साधन. तारेला किंवा हवेला 0 आणि 1 कळत नाहीत. त्यांच्यातून जाते ती लहर. पाठवायच्या बिटांप्रमाणे त्या लहरीत बदल करणं म्हणजे मॉड्युलेशन. बदल लहरीच्या उंचीत केला तर एएसके, फ्रिक्वेन्सीत केला तर एफएसके, फेजमध्ये (लहर आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे त्यात) केला तर पीएसके. शिकायला सुरुवात एफएसकेपासूनच करावी. आवाज कमी-जास्त झाला तरी टोन बदलत नाही, आणि चूक झाली तर ती कानाला ऐकू येते, पडद्यावर दिसतेही. लागणारं सामान थोडंच आहे: दोन कॉम्प्युटर, एक ऑडिओ केबल, पायथॉन आणि लहर डोळ्यांनी बघायला ऑडॅसिटी.

आधी आकडे ठरवा, कोड नंतर. सॅम्पल रेट 48000 (सेकंदाला लहरीची इतकी मापं, म्हणजे सॅम्पल), वेग सेकंदाला 300 बिट. म्हणजे एका बिटाला बरोबर 160 सॅम्पल. 0 साठी 1200 हर्ट्झ, 1 साठी 1800 हर्ट्झ. एका बिटात पहिल्या टोनची 4 आणि दुसऱ्याची 6 आवर्तनं पूर्ण बसतात, आणि सगळी मजा इथेच आहे. प्रत्येक बिटाची लहर शून्य उंचीवर सुरू होऊन शून्यावरच संपते, त्यामुळे टोन बदलताना लहर तुटत नाही आणि 'टक्' असा आवाज येत नाही. शिवाय 160 सॅम्पलच्या खिडकीत हे दोन टोन एकमेकांचा गुणाकार-बेरजेत शून्य परिणाम देतात, म्हणजे रिसीव्हरला एकाचा दुसऱ्यात भास होत नाही. 1800 ऐवजी 2400 घेण्याचा मोह टाळा. स्पीकर किंवा अॅम्प्लिफायर थोडा जरी विकृत झाला तरी 1200 ची दुप्पट, म्हणजे नेमके 2400 हर्ट्झ, आपोआप तयार होऊ शकतात आणि 0 चा 1 वाटतो.

आता बाइट कसा जातो ते 'म' घेऊन बघू. यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटांत लिहायच्या प्रचलित पद्धतीत) 'म' म्हणजे तीन बाइट: 11100000, 10100100, 10101110. लाइन रिकामी असताना 1 चा टोन चालू ठेवायचा. प्रत्येक बाइटच्या आधी एक 0 (स्टार्ट बिट), मग आठ बिट उजवीकडून डावीकडे, शेवटी एक 1 (स्टॉप बिट). पहिला बाइट लाइनवर असा दिसतो: 0 00000111 1. म्हणजे सलग सहा बिट खालचा टोन, 960 सॅम्पल, 20 मिलिसेकंद. मग चार बिट वरचा टोन, 640 सॅम्पल. ऑडॅसिटीत झूम करून आवर्तनं मोजा: 24 रुंद, मग 24 अरुंद. हे जुळलं नाही तर रिसीव्हरला हात लावू नका, चूक पाठवणाऱ्या बाजूला आहे. 'मराठी' या शब्दाचे 15 बाइट, 150 बिट होतात. बरोबर अर्धा सेकंद लागतो.

संदेशाआधी अर्धा सेकंद नुसता 1800 चा टोन वाजवा, म्हणजे समोरची पातळी स्थिर होते.

रिसीव्हरमध्ये प्रत्येक सॅम्पलला मागची 160 सॅम्पल घ्या. त्यांना 1200 च्या साइनने आणि कोसाइनने वेगवेगळं गुणून बेरीज करा, दोन्ही बेरजांचे वर्ग मिळवा. हेच 1800 साठी. जो आकडा मोठा तो बिट. साइन-कोसाइन दोन्ही हवेत, कारण येणाऱ्या लहरीची फेज आपल्याला माहीत नसते. नुसत्या साइनवर चालवलं तर कधी उत्तम चालतं, कधी अजिबात नाही, आणि कारण सापडत नाही. निकाल 1 वरून 0 कडे पलटला की खिडकीत अर्धा स्टार्ट बिट आलेला असतो. तिथून 80 सॅम्पल थांबा, अजून 0 च आहे ना ते तपासा, आणि मग दर 160 सॅम्पलला एक बिट वाचा. स्टॉप बिट 1 आला नाही तर तो बाइट टाकून द्या.

दोन साउंड कार्डांची घड्याळं कधीच तंतोतंत सारखी नसतात. दहा लाखात 100 इतका फरक धरला तरी 5000 बिटांत अर्ध्या बिटाची घसरण होते. प्रत्येक स्टार्ट बिटला मोजणी नव्याने सुरू होते म्हणूनच हे निभावतं. एकदा वेळ पकडून पूर्ण फाइल वाचायला जाल तर 17 सेकंदांनंतर कचरा येईल.

बिघडतं ते बहुतेक वेळा पातळीमुळे आणि वेळेमुळे, नॉइजमुळे क्वचित. हेडफोन आउटपुट थेट माइक इनपुटला जोडलं तर लहरीची टोकं छाटली जातात. मध्ये 100 किलोओहम सिरीजमध्ये, 1 किलोओहम ग्राउंडला लावा. सिग्नल साधारण शंभरावा भाग होतो. माइकच्या पिनवर थोडा डीसी व्होल्टेज असतो, म्हणून 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर माइकच्या बाजूला सिरीजमध्ये हवाच. रेकॉर्डिंगची उंची कमाल मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास ठेवा. सिस्टिममधलं नॉइज सप्रेशन आणि एको कॅन्सलेशन बंद करा. एकसुरी टोन त्यांना पंख्याची घरघर वाटते आणि ती तो पुसून टाकतात. दोन्हीकडे सॅम्पल रेट 48000 च असू द्या. त्याच फाइलचे सॅम्पल 44100 ने वाजले तर 1200 चे 1102.5 हर्ट्झ होतात आणि वेग सुमारे 276 वर येतो.

केबल काढून हवेतून पाठवताना प्रतिध्वनी आडवा येतो. एका बिटाच्या 3.33 मिलिसेकंदांत आवाज जेमतेम 1.1 मीटर जातो, म्हणजे तेवढा जादा रस्ता घेऊन भिंतीवरून परतलेला बिट पुढच्या बिटावर पडतो. माइक स्पीकरपासून वीतभर अंतरावर ठेवा, नाहीतर वेग सेकंदाला 30 बिटांवर आणा.

सगळं चालल्यावर 64 बाइटांचे पॅकेट करा आणि प्रत्येकाला 16 बिटांचा सीआरसी (चूक पकडायला मजकुरावरून काढलेला तपासणी आकडा) जोडा: त्याच्या सूत्रातली बहुपदी हेक्स 1021, सुरुवातीचा आकडा सोळाही बिट 1. '123456789' या मजकुरावर उत्तर हेक्स 29बी1 आलं तर कोड बरोबर. असं पॅकेट 2.2 सेकंदांत जातं.

वेग वाढवायचा तर एका ठोक्यात जास्त बिट भरावे लागतात: चार फेजांच्या क्यूपीएसकेत 2, आणि उंची व फेज दोन्ही बदलणाऱ्या क्यूएएमच्या प्रकारांपैकी 16-क्यूएएममध्ये 4, 64-क्यूएएममध्ये 6. पण लहरीच्या वेगवेगळ्या अवस्था (बिंदू) एकमेकांच्या जवळ येतात आणि तेवढाच स्वच्छ, म्हणजे नॉइजपेक्षा जोरदार, सिग्नल लागतो. क्यूएएममध्ये दर 2 जादा बिटांना सुमारे 6 डेसिबल जास्त. माहिती सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये मांडलेल्या सूत्राने 3100 हर्ट्झ रुंदीच्या, 30 डेसिबल स्वच्छतेच्या लाइनची मर्यादा सेकंदाला सुमारे 30,900 बिट येते. आपण त्याच्या शंभराव्या भागावर आहोत, म्हणूनच साधा रिसीव्हर पुरतो. पुढची पायरी म्हणून एकाच टोनवर, फेज उलटवून पाठवणारा डिफरन्शियल पीएसके घ्या: आधीच्या बिटाशी तुलना करायची असते, त्यामुळे मूळ फेज शोधण्याची गरज पडत नाही आणि वरचाच रिसीव्हर थोड्या बदलाने वापरता येतो.