इनसोल, कर्णयंत्र, पट्टे: पॅम्फ्लेट छापायला टाकण्याआधी

साताऱ्यात माझा छापखाना आहे. लग्नसराई ओसरली की पॅम्फ्लेटवाले येतात, आणि त्यांत हल्ली मापाच्या वस्तू बनवणारे वाढलेत. पायाच्या ठशावरून इनसोल (बुटा-चपलेत घालायचा तळवा), कानाच्या साच्यावरून कर्णयंत्राचा मोल्ड (कानात बसणारा भाग), पाठीचा पट्टा, कृत्रिम पाय. त्यांचा मजकूर मी शब्दन् शब्द वाचतो. आक्षेपार्ह जाहिरातींचा १९५४ चा कायदा आहे ना, त्यात ‘जाहिरातीत भाग घेणं’ यात छपाईसुद्धा धरली आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणजे जाहिरात देणाऱ्या तुमच्यामागून छापणारा मीही अडकतो.

नेहमी येणारा मजकूर असा: “मधुमेहींच्या पायाच्या जखमांवर खात्रीशीर इलाज! बहिरेपणा विसरा! डॉक्टरांची पसंती. सरकारमान्य. सर्व साइजमध्ये कस्टम-मेड. पहिल्या ५० जणांना मोफत*.”

पहिली दोन वाक्यं सरळ खोडायची. त्या कायद्याला आजारांची यादी जोडलेली आहे. तीत मधुमेह, बहिरेपणा, अर्धांगवायू, संधिवात, मोतीबिंदू सगळे आहेत. यादीतला आजार बरा होतो, कमी होतो किंवा टळतो असं सुचवायचंच नाही. ‘आमचं औषध थोडंच आहे?’ असं बरेच जण म्हणतात. पण शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करण्यासाठी असलेली वस्तूही तिथे औषधाच्या व्याख्येत बसते. डॉक्टरांच्या स्वतःच्या दवाखान्यावरच्या पाटीला सूट आहे; तुमच्या पॅम्फ्लेटला नाही.

मग लिहायचं काय? काम लिहा. “डॉक्टरांनी मापाचा इनसोल सांगितला असेल तर चिठ्ठी घेऊन या. दोन्ही पायांचे ठसे घेतो, इनसोल बनवतो, चालून बघायला लावतो, टोचलं तर घासून देतो.” पुढे किंमत, किती दिवस लागतील, दुरुस्तीचे पैसे पडतात का. माप घेणारा माणूस भारतीय पुनर्वास परिषदेकडे (पुनर्वसन क्षेत्रातल्या तज्ज्ञांची नोंदणी करणारी संस्था) नोंदलेला असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक. माझ्या मते गिऱ्हाईक याच गोष्टी विचारायला फोन करतं. ‘खात्रीशीर’ वाचून आलेलं नंतर भांडायला येतं.

‘सर्व साइजमध्ये कस्टम-मेड’ हे तर स्वतःशीच भांडणारं वाक्य. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत कस्टम-मेड म्हणजे त्या विषयातल्या डॉक्टरच्या लेखी चिठ्ठीवरून, त्याच्या जबाबदारीवर, एकाच रुग्णासाठी बनवलेली वस्तू. घाऊक उत्पादन त्यात येत नाही. खोक्यातून आठ नंबर काढून देत असाल तर ‘आठ नंबर’ एवढंच छापा. तयार पट्टा थोडा आवळून दिला तर ‘तयार पट्टा, बसवून मिळेल’.

‘सरकारमान्य’ला मी परवान्याची प्रत मागतो. परवाना कोणाच्या नावावर, कुठल्या वस्तूसाठी? दुकानाचं शॉप अ‍ॅक्ट लायसन्स दाखवणारेही भेटतात. ते चालत नाही.

डॉक्टरचं नाव, फोटो, सही अजिबात नको. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी डॉक्टरला उपकरणाच्या जाहिरातीसाठी अशी शिफारस द्यायला मनाई केली आहे. तुमच्या हौसेपायी तो बिचारा अडकेल. ओळखीचा कलाकार किंवा इन्स्टाग्रामवाला घेणार असाल तर त्याला पैसे किंवा फुकट वस्तू दिलीय हे स्पष्ट सांगावं लागतं.

आता ‘मोफत’पुढची ती चांदणी (*). ‘मोफत’ ठळक आणि ‘साच्याचे पैसे वेगळे’ तळाशी मुंगीएवढं, हे २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही. खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फॉन्टमध्ये हवा. मराठी दाव्याखाली इंग्रजी अटी घेऊन येणाऱ्यांना मी तिथूनच परत पाठवतो. साच्याचे पैसे घेणारच असाल तर ‘मोफत’ काढा आणि रक्कम लिहा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभुलीसाठी दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा सापडलात तर पन्नास लाखांपर्यंत.

रिक्षावर भोंगा लावणार असाल तर त्यालाही हाच मजकूर द्या. १९५४ च्या कायद्यात तोंडी घोषणा, प्रकाश, आवाज, इतकंच काय धुरानं केलेली जाहिरातही धरलेली आहे. रेकॉर्डिंगवाले आपल्या मनाने “आता काठी फेका!” घालतात. पेन ड्राइव्ह त्यांच्याकडून घेतलात की आधी पूर्ण ऐका, मगच रिक्षा बाहेर काढा.