पहिली सायकल घेताय? धुळीला घाबरू नका, वाकड्या चिमट्याला घाबरा

रोज कॉलेजला जायला सायकल हवी आणि खिशात मोजकेच पैसे, म्हणून जुनी सायकल बघायला निघालेल्या मुलामुलींबरोबर मी बऱ्याचदा जातो. प्रत्येक वेळी तोच प्रकार बघायला मिळतो. टायर बसलेला, चेनवर तांबूस गंज, सीट फाटलेली, अशी सायकल दिसली की तोंड वाकडं होतं. शेजारी पुसून लख्ख केलेली सायकल असली की डोळे चमकतात. चेन, सीट आणि केबल फार कमी पैशांत बदलता येतात. त्या लख्ख सायकलचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारा भाग, मात्र मागे दबलेला असतो आणि तिकडे कोणी बघतच नाही.

स्वस्तातल्या बिघाडाला घाबरायचं आणि महागातल्या बिघाडावरून नजर फिरवायची, ही सगळ्यात मोठी चूक. खालच्या बहुतेक चुका तिच्याच पोटातून निघतात.

सगळे पैसे सायकलवरच घालवणं

जेवढे पैसे जमले तेवढ्यांची सायकल घेतली, की कुलूप, पंप, पुढचा-मागचा दिवा आणि पहिली दुरुस्ती यांना काही उरत नाही. मग कुलूप पातळ वायरचं येतं. साध्या कटरने ते तुटतं आणि सायकलसकट सगळे पैसे जातात. एकूण रकमेतला निदान चौथा हिस्सा आधीच बाजूला काढा आणि तो नाहीच असं समजून सायकल शोधा. कुलूप इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचं, जाड दांड्याचं घ्या. चौकट आणि मागचं चाक दोन्ही त्यात अडकवून एखाद्या पक्क्या खांबाला लावा. नुसतं पुढचं चाक बांधलं तर परत आल्यावर नुसतं पुढचं चाकच मिळेल.

गिअर मोजून किंमत ठरवणं

‘एकवीस गिअर’ ऐकायला भारी वाटतं. पुढे तीन चक्रं, मागे सात, गुणाकार एकवीस. आता हिशोब करून बघा. पुढे २८ दातांचं चक्र आणि मागे १४ दातांचं घेतलं, तर पेडलच्या एका फेरीला चाकाच्या दोन फेऱ्या होतात. पुढे ४८ आणि मागे २४ घेतलं तरी दोनच. म्हणजे ज्याला दोन गिअर म्हणून मोजलं, ते पायाला एकच. असे एकमेकांवर चढणारे गिअर बरेच असतात. त्यात पुढचं सर्वांत मोठं आणि मागचंही सर्वांत मोठं अशी जोडी लावली की चेन तिरकी ताणते आणि लवकर झिजते.

रस्ता सपाट असेल तर बिनगिअरची सायकल घ्या, बिघडायला तिच्यात फार काही नसतं. थोडा चढ असेल तर पुढे एक चक्र आणि मागे सहा-सात पुरतात.

स्प्रिंगच्या चिमट्याला भुलणं

ही चूक मी स्वतः केली आहे. माझी पहिली सायकल पुढे-मागे दोन्हीकडे स्प्रिंगवाली होती. दुकानात हँडल दाबून बघितलं, छान खाली-वर झालं, घेऊन टाकली. आठवडाभरात कळलं की चढावर उभं राहून पेडल मारलं की माझी निम्मी ताकद त्या स्प्रिंगा दाबण्यातच जाते. स्वस्त सायकलवरची स्प्रिंग वजनदार असते, काही महिन्यांत तिची हालचाल जड होते किंवा ती खडखडायला लागते, आणि दुरुस्त करण्यापेक्षा नवा चिमटा परवडतो. डांबरी रस्त्यासाठी साधा लोखंडी चिमटा आणि थोडे रुंद टायर घ्या. खड्ड्यांचे धक्के हवाच खाऊन टाकते. १८८८ साली जॉन बॉइड डनलप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, त्यामागे तीच गरज होती.

स्वस्तातल्या डिस्क ब्रेकचंही थोडंफार असंच आहे. नीट लावलेले साधे रिमचे, म्हणजे चाकाच्या धातूच्या कड्याला घासून थांबवणारे ब्रेक रोजच्या वापराला पुरेसे असतात, आणि त्यांचे रबर कोणालाही बदलता येतात. फक्त रिम कशाची आहे ते बघा. चकचकीत लोखंडी रिम पावसात भिजली की ब्रेक लागता लागत नाही, ॲल्युमिनियमची त्या मानाने बरी धरते. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. रिमला चिकटलं तर लोखंड.

माप न बघता घेणं

‘सीट खाली केली की झालं’ असं विकणारा म्हणतो. तसं होत नाही. चौकटीचा आडवा दांडा दोन पायांच्या मध्ये घेऊन, दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहा. दांडा आणि अंग यांच्यात दोन-तीन बोटांची जागा उरली पाहिजे. मग सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा. चालवताना टाचेऐवजी चवडा येतो, तेव्हा गुडघ्यात जेवढा हवा तेवढा बाक आपोआप राहतो. बहुतेक नवशिके सीट फार खाली ठेवतात, दोन्ही तळपाय जमिनीला टेकायला हवेत म्हणून. मग गुडघे दुखतात आणि दोष सायकलला जातो.

सीट वर करताना तिच्या नळीवर कोरलेली रेघ बघा. ती रेघ चौकटीच्या बाहेर दिसता कामा नये. रेघ दिसेपर्यंत वर करूनही पाय आखडतच असेल, तर ती चौकट तुमच्यासाठी लहान आहे.

आणि ही नळी हलते का, ते पैसे देण्याआधीच तपासा. लोखंडी चौकटीत ॲल्युमिनियमची नळी वर्षानुवर्षं न हलवता राहिली की गंजून एकजीव होते. बोल्ट सैल केला, दोन्ही हातांनी पिळलं, तरी जागची हलत नाही. मग मापाचा प्रश्न तिथेच संपतो. ‘तेल टाकलं की निघेल’ म्हणणाऱ्याला सांगा, काढून दाखव, मग घेतो.

महागाची दुखणी न तपासणं

इथे वेळ घालवा. दहा मिनिटं लागतात, पण दिवसाच्या उजेडातच बघा. संध्याकाळी बल्बच्या प्रकाशात सायकल बघणं म्हणजे आंधळी कोशिंबीर.

सुरुवात चौकटीपासून. हँडलखालच्या उभ्या नळीला वरचा आणि तिरका असे दोन दांडे जिथे येऊन मिळतात, त्या सांध्यांच्या जरा मागे खालच्या बाजूने बोट फिरवा. रंगाला सुरकुती पडली असेल किंवा पत्र्याला फुगवटा लागत असेल, तर सायकल कधीतरी समोरून जोरात धडकली आहे. आता बाजूने दहा पावलं लांब उभे राहा. चिमट्याचा वरचा भाग हँडलखालच्या नळीच्या रेषेतच खाली उतरायला हवा, मग हळूच पुढे वळला तर चालेल. मागे, पेडलच्या दिशेने गेलेला दिसला तर सायकल सोडून द्या. ॲल्युमिनियमच्या चौकटीला तडा असेल तर घासाघीसही करू नका. लोखंडाला झाळ मारता येते, ॲल्युमिनियमला तसं सहज जमत नाही.

गंजाचं थोडं वेगळं आहे. बोल्ट, चेन, कॅरियर यांवरचा वरवरचा गंज म्हणजे नुसती धूळ समजा. रंगाखालून फोड आले असतील आणि नखाने टोचल्यावर पापुद्रा निघून खाली खड्डा पडत असेल, तर पत्रा आतून खाल्ला गेला आहे.

मग चाकं. सायकल उलटी करा, चाक फिरवा आणि ब्रेकच्या रबराजवळ डोळा लावा. रिम डावी-उजवीकडे दोन-तीन मिलिमीटर डुलली तर रिम थोडी वाकडी आहे. आरे आवळून ती सरळ करता येते, काळजी नको. ती वर-खाली उडत असेल, किंवा एका जागी चेपलेली असेल, तर नवी रिम लागेल. आऱ्यांना एकेक करून बोटाने छेडून बघा. मागच्या चाकात दोन्ही बाजूंचे सूर वेगळे लागतात, ते ठीक आहे, पण एकाच बाजूचा एखादा आरा ठप्प वाजला तर तो सैल किंवा तुटका. रिमचा जो भाग ब्रेक घासतो, तो आत खोलगट झाला असेल तर रिम झिजली.

पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल मागे-पुढे ढकला. हँडलखाली टक-टक लागली तर तिथलं बेअरिंग सैल आहे, आवळून बहुधा जमतं. हँडल फिरवताना मधोमध आल्यावर खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर त्या बेअरिंगच्या वाट्या खड्डे पडून खराब झाल्या आहेत. क्रँक, म्हणजे पेडल जोडलेला दांडा, धरून आडवा हलवा. दोन्ही बाजूंचे क्रँक हलत असतील तर आतलं बेअरिंग. एकच हलत असेल तर तो क्रँक सैल आहे, आणि ही गोष्ट दिसते त्याहून वाईट. कारण खाली सांगतो.

चेनला एक साधी पट्टी लावा. चेनच्या दोन लगतच्या पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे १२ इंचांत बरोबर २४ कड्या बसतात. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मधोमध ठेवा. तिच्यापुढची चोविसावी पीन १२ इंचांच्या खुणेवर असेल तर चेन उत्तम. दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ आली. तीन मिलिमीटर गेली असेल तर त्या चेनने फ्रीव्हील, म्हणजे मागची दातेरी चक्रं, तीही खाल्लेली असतात. नुसती चेन नवी टाकली की जुन्या दातांवरून ती घसरते, म्हणून दोन्हींचा खर्च धरूनच भाव करा.

टायरवरचा आकडा न वाचणं

टायरच्या बाजूला ३७-६२२ असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, दुसरा टायर जिथे रिमवर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. इंचातल्या आकड्यांवर भरवसा नको. ‘२६ इंची’ नावाने ५५९ मिलिमीटरचे टायरही विकले जातात आणि ५९० चेही, आणि एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. उलट ‘७००सी’ आणि ‘२९ इंची’ ही नावं वेगळी असूनही दोन्ही ६२२ च. जुनी सायकल घेण्याआधी तो दुसरा आकडा लिहून घ्या आणि त्या मापाचा टायर सहज मिळतो का, ते जिथून सामान घेणार तिथे विचारा. सहज न मिळणाऱ्या मापाची सायकल स्वस्त असते ती उगीच नाही.

कोणाची आहे ते न विचारणं

चौकटीचा नंबर बहुधा पेडलच्या मधल्या नळीखाली कोरलेला असतो. तो घासून काढला असेल, किंवा विकणाऱ्याला सायकल कधी, कुठून घेतली हे धड सांगता येत नसेल, तर निघून या. पावती नसेल तर निदान नंबर, तारीख आणि सही असलेला साधा कागद करून घ्या.

खोक्यातली नवी सायकल तशीच पळवणं

नवी घेतली म्हणजे सुटलो, असं नाही. खोक्यातून निघालेल्या सायकलीचा चिमटा उलटा बसवलेला मी दोनदा बघितलाय. दोन्ही मालक ती तशीच चालवत होते. चिमट्याची वळलेली टोकं आणि पुढचा ब्रेक पुढच्या बाजूला हवीत. वळताना बूट चाकाला घासत असेल तर आधी हे बघा.

पेडल बसवताना लक्षात ठेवा, उजवं पेडल नेहमीसारखं आवळतं, डावं मात्र उलट्या आट्यांचं असतं. ‘जात नाही’ म्हणून पान्याने जोर लावला की क्रँकचे आटे जातात.

आवाज आला की भलतंच बदलणं

सायकल घरी आली, चार दिवसांनी कट-कट सुरू झाली. मेकॅनिककडे जाण्याआधी चालवता चालवताच थोडा तपास करा. पेडल मारणं थांबवून नुसतं घरंगळत जा. आवाज थांबला तर दोष पेडल, क्रँक किंवा चेनकडे. चालूच राहिला तर चाक, ब्रेक किंवा मडगार्ड. सीटवरून उठल्यावर थांबला तर सीट किंवा तिची नळी, तिला काढून ग्रीस लावा.

पेडलच्या प्रत्येक फेरीला एकदा टक होत असेल तर पेडल किंवा क्रँक बघा. अडीच-तीन फेऱ्यांनी एकदा होत असेल तर चेनची एखादी कडी आखडली आहे, कारण अख्खी चेन एकदा फिरायला साधारण तेवढ्या फेऱ्या लागतात. जोर लावल्यावर चेन घसरते, पण एकाच गिअरवर? त्या चक्राचे दात गेलेत. सगळ्याच गिअरवर घसरते? मग आधी केबलचा ताण बघा, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

पहिल्या दोन आठवड्यांत केबल थोडी सैल पडते, आरेही बसतात. हे बिघाड नव्हेत, एकदा आवळून घ्यावं लागतं इतकंच. डाव्या क्रँकचा बोल्ट मात्र स्वतः तपासा. बऱ्याच सायकलींत आतला ॲक्सल (दोन्ही क्रँक जोडणारा दांडा) चौकोनी असतो आणि क्रँक त्याच्यावर घट्ट दाबून बसलेला असतो. तो सैल असताना चारच दिवस चालवला, तरी क्रँकचं चौकोनी भोक गोलसर होतं. त्यानंतर बोल्ट कितीही आवळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा सैल. मग क्रँकच बदलावा लागतो. जी सायकल बघताना एका बाजूचा क्रँक हलत होता, तिचं बहुधा हेच झालेलं असतं.