होस्टिंग कंपनीकडे कॉपीराइटची तक्रार करताना या चुका टाळा

आपला लेख किंवा छायाचित्र परवानगीवाचून दुसऱ्याच्या संकेतस्थळावर दिसले की संताप येणे स्वाभाविक आहे. परंतु त्या भरात होस्टिंग कंपनीला (‘होस्ट’ला), म्हणजे ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ते संकेतस्थळ ठेवलेले असते तिला, धाडलेली तक्रार अनेकदा तशीच पडून राहते. हक्क लंगडा असतो म्हणून नव्हे, तर तक्रार भलत्याच पत्त्यावर गेलेली असते किंवा ती वाचून नेमके काय हटवायचे हेच कळत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ होस्ट कोण हे ठरवताना होतो. डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाच्या, ‘हूइज’ या खुल्या नोंदीत ठळकपणे दिसणारे नाव रजिस्ट्रारचे, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीचे असते. मजकूर तिच्याच सर्व्हरवर असेल असे नाही. त्याऐवजी डोमेनचा आयपी पत्ता (सर्व्हरचा आकडी पत्ता) काढून त्या पत्त्याची नोंद तपासावी, म्हणजे तो कोणाच्या नेटवर्कमधला आहे हे समजते. तेथे क्लाउडफ्लेअरसारख्या कंपनीचे नाव आले, तर ती बहुधा केवळ मधली वाहक असते आणि खरा सर्व्हर तिच्या आड असतो. तरीही तिच्या तक्रार अर्जातून जरूर कळवावे, कारण ती तक्रार मूळ होस्टकडे पुढे पाठवते. छायाचित्राच्या बाबतीत त्याचा स्वतंत्र पत्ता उघडून पाहणे फार महत्त्वाचे आहे: पान एका सर्व्हरवर आणि छायाचित्र दुसऱ्याच, असे सर्रास असते. कधी तर ते थेट आपल्याच सर्व्हरवरून ओढलेले निघते. तेव्हा उपाय आपल्याच सर्व्हरच्या सेटिंगमध्ये असतो.

अमेरिकी होस्टना 1998 च्या डीएमसीए या अमेरिकी कॉपीराइट कायद्याचे, ग्राहकाच्या उल्लंघनाच्या जबाबदारीपासूनचे संरक्षण हवे असेल, तर अशा तक्रारी स्वीकारणारा प्रतिनिधी नेमून त्याची नोंद अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाकडे करावी लागते. ही यादी ऑनलाइन खुली आहे, त्यामुळे ग्राहकसेवेच्या खिडकीत तक्रार टाकून वाट पाहत बसू नये.

“तुमच्या ग्राहकाने माझे सगळे लेख चोरले आहेत” एवढ्यावर कोणीही काही हटवू शकत नाही. प्रत्येक पानाची पूर्ण लिंक आणि तिच्यासमोर मूळ कृतीची लिंक द्यावी. मुखपृष्ठाची लिंक पुरत नाही. डीएमसीएखालील तक्रारीत संपर्काचा तपशील, हा वापर अनधिकृत असल्याचे आपण सद्भावनेने मानतो हे विधान, माहिती अचूक असल्याचे विधान, आपण हक्कधारक किंवा त्याचे अधिकृत प्रतिनिधी आहोत हे शपथेवरील विधान आणि स्वाक्षरी लागते. यांतील काही राहिले, तर धमकीची भाषा कितीही कडक असली तरी तिचा उपयोग नाही. कॉपीराइट नोंदणी मात्र या तक्रारीसाठी आवश्यक नाही.

हक्क आपलाच आहे ना, हे आधी तपासावे. छायाचित्रात आपण असलो, तरी हक्क सहसा ते टिपणाऱ्याचा असतो. कल्पना आणि तथ्ये यांवर कॉपीराइट नसतो, आणि बदनामीची तक्रार या मार्गाने करणे चुकीचेच आहे. समीक्षेसाठी घेतलेला उतारा न्याय्य वापरात (परवानगीवाचून चालणाऱ्या मर्यादित वापरात) बसू शकतो. जाणूनबुजून खोटा दावा केल्यास नुकसानभरपाई द्यावी लागू शकते.

तक्रारीपूर्वी तारखेसह स्क्रीनशॉट घ्यावेत, कारण पान गुपचूप बदलले जाऊ शकते. तक्रारीची प्रत समोरच्याच्या हातीही पडू शकते, म्हणून घरच्याऐवजी कामाचा पत्ता द्यावा.

मजकूर हटला म्हणून ईमेल पाहणे सोडू नये. समोरच्याने डीएमसीएखाली प्रतिनोटीस (मजकूर चुकीने हटवल्याचे सांगणारे उत्तर) दिली आणि तुम्ही न्यायालयात दावा दाखल केल्याचे होस्टला कळवले नाही, तर 10 ते 14 कामकाजी दिवसांत मजकूर परत येतो. पान हटूनही शोधनिकालांत जुना उतारा दिसत राहिला, तर त्यासाठी सर्च इंजिनकडे वेगळी विनंती करावी. होस्टकडे पुन्हा लिहून तो जात नाही.