मैदानाचं पाणी कमी करताना या चुका टाळा

उद्यानांवर आणि मैदानांवर खर्च होणारं पिण्याचं पाणी वाचवायचं ठरलं, की सर्वांत आधी कात्री लागते ती स्प्रिंकलरच्या टायमरच्या मिनिटांना. पंधरा दिवसांत हिरवळीवर तपकिरी डाग उमटतात, खेळणारे ओरडू लागतात आणि मिनिटं पुन्हा वाढतात, कधी आधीपेक्षा चार जास्तच. मुळात पाणी सगळीकडे सारखं पडत नाही, ही खरी अडचण असते.

कोरडा डाग दिसला की मिनिटं वाढवणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. एका कोपऱ्यासाठी अख्खं मैदान भिजवलं जातं. त्याऐवजी डब्यांची चाचणी घ्या. सारख्या तोंडाचे २४ डबे दोन स्प्रिंकलरच्या मध्ये आणि जवळ असे जाळीसारखे मांडा, वारा पडलेला असताना स्प्रिंकलरचा संच १५ मिनिटं चालवा. पाणी पट्टीनं मोजू नका. रोटरखाली, म्हणजे गोल फिरणाऱ्या स्प्रिंकलरखाली, एवढ्या वेळात जेमतेम तीन-चार मिलिमीटर पडतं. माप-नळीनं मिलिलिटरमध्ये मोजा. सर्वांत कमी भरलेल्या सहा डब्यांच्या सरासरीला सगळ्यांच्या सरासरीनं भागा. ही झाली संचाची समानता. उत्तर ०.७५च्या आसपास आलं तर संच ठीक. ०.५५ आलं तर टायमरला हात लावण्यात अर्थ नाही.

हिशेब करून पाहा. १०५ बाय ६८ मीटरचं फुटबॉल मैदान म्हणजे ७,१४० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. कडक उन्हात संदर्भ बाष्पीभवन (माती आणि प्रमाण गवत मिळून हवेत जाणारं पाणी) दिवसाला ६ मिलिमीटर धरलं, तर हरळीसारख्या उष्ण हवामानातल्या गवताला त्याच्या साधारण ०.६ पट, म्हणजे ३.६ मिलिमीटर पुरतं. सगळ्यात कोरड्या भागालाही तेवढं मिळावं म्हणून ०.५५ समानतेच्या संचाला सुमारे ४६,७०० लिटर सोडावे लागतात, ०.७५च्या संचाला सुमारे ३४,३००. फरक दिवसाला १२,००० लिटरच्या वर, तोही गवताला एक थेंब कमी न देता.

समानता बिघडते ती साध्या कारणांनी. रोलर फिरून स्प्रिंकलर तिरका होतो किंवा गवताच्या पातळीखाली दबतो. नोझलमध्ये वाळू अडकते. तुटलेल्या नोझलच्या जागी हाताला लागेल त्या मापाचं बसवलं जातं. दाबही पाहा: रोटरला साधारण ३ ते ३.५ बार लागतो, छोट्या स्थिर फवाऱ्याला २ बार. फवाऱ्याभोवती धुकं दिसत असेल तर दाब जास्त आहे, आणि ते धुकं वारा घेऊन जातो. दाब कमी असला तर धार फुटत नाही, पाणी दूरवर गोल रिंगणासारखं पडतं आणि आतली जागा कोरडी राहते. रोटर आणि स्थिर फवारे एकाच व्हॉल्व्हवर तर कधीच नकोत. फवारा तासाला ४० मिलिमीटरच्या आसपास पाणी टाकतो, रोटर १० ते १५. एकाची तहान भागेपर्यंत दुसऱ्याखाली डबकं होतं.

एका दमात सगळं पाणी देणं

चिकणमाती तासाला पाचेक मिलिमीटरच मुरवते, उरलेलं गटारात जातं. पाणी वाहू लागण्याच्या थोडं आधी थांबा, अर्धा-एक तास मुरू द्या, मग पुन्हा सोडा. रोज थोडं थोडं शिंपडणंही वाईट. मुळं वरच राहतात. लांब स्क्रूड्रायव्हर १५ सेंटिमीटर सहज आत गेला तर ओल आहे, त्या दिवशी पाणी नको.

सांडपाणी आणलं, पण वेळापत्रक तेच ठेवलं

प्रक्रिया केलेलं सांडपाणी हा चांगला पर्याय, पण त्यात क्षार असतात. ते विद्युत वाहकतेवरून कळतात. ती दर मीटरला ०.७ डेसिसीमेन्सच्या खाली असेल तर काळजी नाही; ३च्या वर गेली तर बहुतेक गवतांना जड जातं. सोडियम जास्त असेल तर चिकणमाती घट्ट होते, पाणी मुरणं थांबतं आणि लोक ‘पाणी कमी पडतंय’ समजून आणखी सोडतात. माती तपासा, तिची गरज निघाली तर जिप्सम घाला, अधूनमधून जास्तीचं पाणी देऊन क्षार मुळांखाली ढकला. निचरा नसेल तर हा उपाय उलटतो. या पाण्यात नत्र-स्फुरद असतंच, म्हणून खताचा हप्ताही कमी करा.

पिण्याच्या लाइनशी सांडपाण्याची लाइन नुसत्या व्हॉल्व्हनं जोडू नका. व्हॉल्व्ह गळतोच. टंचाईत पिण्याचं पाणी घ्यावं लागलं तर ते टाकीत वरून पडू द्या. नळाचं तोंड आणि टाकीचा काठ यांत नळाच्या व्यासाच्या दुप्पट मोकळी जागा हवी.

जिथे कोणी खेळत नाही तिथेही हिरवळ

गोलमागची पट्टी, उतार, कुंपणाची कड इथलं गवत काढा, झुडपं लावा, खाली ७ ते १० सेंटिमीटर आच्छादन पसरा. खोडाला मात्र ते चिकटू देऊ नका.

गळती न शोधणं

बागेला वेगळा मीटर हवाच. रात्री संचाचे सगळे व्हॉल्व्ह बंद करून आकडा टिपा, दोन तासांनी पुन्हा बघा. काटा हलला असेल तर मीटरकडून सुरुवात करून एकेक फाटा बंद करून तपासत पुढे जा. काटा हलला नाही, तरी सखल कोपऱ्यातल्या स्प्रिंकलरभोवती रोज चिखल दिसत असेल, तर संच थांबल्यावर पाइपातलं पाणी तिथून ओघळतंय. त्या स्प्रिंकलरमध्ये चेक व्हॉल्व्ह, म्हणजे संच थांबल्यावर पाणी ओघळू न देणारी झडप, बसवा.