जीआर-१ पॉझिटिव्ह म्हणजे न्यूट्रोफिलच असं नाही, उंदरांच्या पेशी ओळखताना या चुका टाळा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी फ्लो सायटोमेट्रीसाठी (रंगीत अँटिबॉडी लावून पेशी ओळखायची, मोजायची पद्धत) उंदराच्या बोनमॅरोला सीडी११बी आणि जीआर-१ या पेशीवरच्या मार्करच्या अँटिबॉडी लावल्या आणि दोन्ही पॉझिटिव्ह दिसलं ते सगळं न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) म्हणून मोजलं. तीन महिन्यांनी सिनिअर ताईने प्लॉट बघून एकच विचारलं, "क्लोन कुठला गं?" क्लोन म्हणजे त्या मार्करची नेमकी कुठली अँटिबॉडी. ट्यूबवर लिहिलेलं होतं, आरबी६-८सी५. मी कधी वाचलंच नव्हतं!

हा क्लोन न्यूट्रोफिलवरच्या लाय६जी या प्रथिनाला धरतो पण लाय६सी या दुसऱ्या प्रथिनालाही चिकटतो, आणि लाय६सी मोनोसाइटवर (वेगळ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) भरपूर असतं, काही मेमरी सीडी८ टी पेशींवरही असतं. त्यामुळे जीआर-१ मध्यम दिसणाऱ्या घोळक्यात मोनोसाइट घुसलेले असतात, आणि उंदराला इन्फेक्शन असेल तर मोनोसाइट वाढतात म्हणजे नेमका हवा तिथेच आकडा चुकतो. म्हणून मार्करचं नाव नाही, क्लोनचं नाव बघून मागवा. लाय६जीसाठी १ए८ क्लोन घ्या आणि लाय६सी वेगळ्या रंगात लावा, मग न्यूट्रोफिल लाय६जी झगझगीत आणि लाय६सी मध्यम, तर मोनोसाइट लाय६जी निगेटिव्ह दिसतात आणि सूज असताना येणारे लाय६सीला एकदम वर बसतात.

उंदराला १ए८ देऊन न्यूट्रोफिल कमी करायचे आणि नंतर १ए८नेच स्टेन करून 'सगळे गेले' म्हणायचं, ही चूक तर फार होते. जागा आधीच अडलेली असते हो, पेशी जिवंत असूनही निगेटिव्ह दिसते! अशा वेळी पेशीच्या आतलं लाय६जी स्टेन करा किंवा सीडी११बी, मध्यम लाय६सी आणि साइड स्कॅटर (पेशी किती दाणेदार आहे ते दाखवणारा प्रकाश) बघून मोजा.

बाल्ब/सी जातीच्या उंदरात एनके१.१चा (एनके पेशींचा मार्कर) पीके१३६ क्लोन चालत नाही, सी५७बीएल/६मध्ये मस्त चालतो. बाल्बला डीएक्स५ क्लोन लावा. एफ४/८० दिसलं की मॅक्रोफेज असंही समजू नका, इओसिनोफिलवरही ते असतं, सोबत सिग्लेक-एफ (इओसिनोफिलवरचा मार्कर) लावा, फक्त फुफ्फुसात सीडी११सीपण घ्या कारण अल्व्हिओलर मॅक्रोफेजवर सिग्लेक-एफ असतंच.

अँटिबॉडी घालायच्या आधी २.४जी२ क्लोनने एफसी ब्लॉक करा (म्हणजे कुठलीही अँटिबॉडी धरणारे पेशीवरचे एफसी रिसेप्टर झाका), बर्फावर दहा मिनिटं पुरतात, मेलेल्या पेशी काहीही धरतात म्हणून व्हायेबिलिटी डाय (मेलेल्या पेशी वेगळ्या दाखवणारा रंग) पाहिजेच, आणि गेट (पॉझिटिव्ह-निगेटिव्हची सीमा) आयसोटाइप कंट्रोलवर (त्या मार्करला न ओळखणारी अँटिबॉडी) नाही तर एफएमओवर (एक रंग वगळून बाकी सगळे लावलेला कंट्रोल) लावा.