मापाचा ब्लाऊज आणायचा कुठून? साडीपासून सुरुवात करणाऱ्या पुरुषासाठी

क्रॉसड्रेसिंगवर, म्हणजे पुरुषाने बायकांचे कपडे घालण्यावर, जिथे जे वाचाल त्याची सुरुवात विगपासून होते. मग उंच टाचा, मग खोट्या पापण्या. मी पंधरा वर्षं साडी नेसतोय, माझ्याकडे एकच विग आहे आणि तो वर्षातून दोनदा डोक्यावर चढतो. सुरुवात अंगापासून करा. अंगावर कपडा नीट बसला की डोक्यावर काही नसलं तरी चालतं; उलटं मात्र कधीच चालत नाही.

दुसरा लाडका सल्ला म्हणजे 'आधी घरातलं काहीतरी घालून बघा'. अजिबात नको. बायकोचा किंवा बहिणीचा ब्लाऊज तुमच्या पाठीवर उसवणार, आणि मग शिवण उसवल्याचं कारण सांगण्यापेक्षा सगळं खरं सांगणं सोपं वाटेल. पहिला कपडा स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या मापाचा घ्या. तसंही बायकोला सांगायचं असेल तर तिच्या कपाटाला हात लावण्याआधी सांगा.

पंजाबी ड्रेस सोपा, गाऊन त्याहून सोपा, त्याला लेख कशाला? मी साडीबद्दल लिहितोय.

आतले कपडे. छातीच्या खाली टेप धरून घेर मोजा. तो ३६ इंच भरला तर ३६ किंवा ३८ च्या पट्ट्याची, बी कपची ब्रा घ्या. पट्टा आवळत असेल तर मागे जोडायची हुकांची वेगळी पट्टी मिळते. आत काय भरायचं? रुमाल गोळा होतात, फुगे वर सरकतात आणि मोसंब्यांचा सल्ला देणाऱ्याने आयुष्यात ब्रा घातलेली नाही. सिलिकॉनचे तयार मिळतात, पण सुरुवातीला मोहरी उत्तम. दुहेरी सुती कापडाच्या दोन पुरचुंड्या, प्रत्येकीत साधारण ३०० ग्रॅम. दाणा गोल, त्यामुळे घरंगळून अंगाचा आकार घेतो आणि वजनाने खाली बसतो. धुवायच्या आधी मोहरी काढायला विसरू नका, मोड येतात. हो, आले होते.

परकर सुती घ्या. सॅटिनच्या परकरावरून साडी घसरते आणि आपल्याला अडवायला कंबरेखाली फारसं काही नसतं. रेडिमेड परकराची लांबी ३८-४० इंच असते. पावणेसहा फुटांच्या वर असाल तर ४२ चा शिवून घ्या.

साडी मऊ सुती किंवा मलमलची. खळ असलेली सुती साडी आधीच रुंद माणसाला तंबू करते. फॉल-बीडिंग करून घ्या. निऱ्या आरशासमोर आठवडाभर रोज काढल्यात की येतात. पदर सुरुवातीला मोकळा सोडा, त्यात दंड झाकला जातो. बारीक घड्या घालून खांद्यावर पिन केलेला पदर खांदा किती रुंद आहे ते गावाला सांगतो.

आता ब्लाऊज. इथे माझी दोन वर्षं आणि सहा ब्लाऊज वाया गेले, म्हणून इथे थांबतो.

कुठल्याही टेलरकडे ब्लाऊजपीस घेऊन गेलात की पहिला प्रश्न येतो, 'मापाचा ब्लाऊज आणलाय?' बाईकडे तो असतोच, आईचा नाहीतर बहिणीचा तरी. आपल्याकडे कुठून असणार? मी पहिल्यांदा ऑफिसचा शर्ट नेला. त्यांनी शर्टाचा खांदा साडेसतरा इंच जसाच्या तसा उचलला आणि बाह्या अशा जोडल्या की मी वरातीच्या बँडमधला ट्रम्पेटवाला दिसलो. दुसऱ्या वेळी मापं कागदावर लिहून नेली. तिथे विचारलं, 'वहिनींची तब्येत जरा जास्तच आहे का?' मी हो म्हणालो आणि वहिनींना शोभेलसा ब्लाऊज मिळाला, पुढे ढगळ आणि पाठीत घट्ट.

चूक त्यांची नव्हती. बाईच्या ब्लाऊजमध्ये कापड पुढच्या बाजूला जास्त लागतं, पुरुषाच्या अंगाला ते पाठीत लागतं. छातीचा घेर दोघांचा ४० असू शकतो, वाटणी मात्र वेगळी.

म्हणून मापाचा ब्लाऊज आधी घरी तयार करायचा. रेडिमेड, साधा, सुती, अस्तर नसलेला ब्लाऊज घ्या. ३८ चे लिहिलेले पण आत मार्जिन, म्हणजे शिवणीत जादा कापड, सोडलेले, ४२ पर्यंत वाढणारे ब्लाऊज सगळीकडे मिळतात. पुण्यात लक्ष्मी रोडला, मुंबईत दादरला ढिगाने. ब्रा आणि मोहरी घालून मगच तो चढवा. नुसत्या अंगावर घेतलेलं माप फुकट जातं, हे मी तीन ब्लाऊजांच्या किमतीत शिकलो. मग बाजूची शिवण उसवा आणि मागच्या भागाचं मार्जिन पूर्ण सोडा, पुढच्याचं निम्मं. हाताने कच्चा दोरा घाला, हात पुढे घेऊन घडी घाला, पाठीत ताण येतो का बघा. येत नसेल तर मशीन मारा. लांबी एक-दोन इंच कमी पडेल, आपलं धड लांब असतं. ती कागदावर लिहून ठेवा.

मुंढ्याबद्दल, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या काखेच्या गोलाईबद्दल, चारदा सांगितलं तरी लोक ऐकत नाहीत, मीही ऐकलं नव्हतं. मुंढा काचला की आपण टेलरला म्हणतो, 'जरा खोल करा.' खोल केला की उभं असताना बरं वाटतं, पण हात वर केला की अख्खा ब्लाऊज हाताबरोबर वर जातो. माझा गेला, एका मित्राच्या घरी, पंख्याचं बटण दाबताना, आणि मोहरीची एक पुरचुंडी फरशीवर. मुंढा काखेच्या जवळच हवा. काच येतो तो बाही दंडात अरुंद असते आणि पाठ कमी पडते म्हणून. टेलरला सांगायचं ते एवढंच: मुंढा आहे तिथेच ठेवा, बाहीचा घेर दंडाच्या मापापेक्षा दीड इंच जास्त द्या, पाठीत अर्धा-अर्धा इंच वाढवा.

खांद्याची शिवण मात्र खऱ्या खांद्याच्या पाऊण ते एक इंच आत घ्यायला लावा, त्याने रुंदी निम्मी दडते. बाही कोपरापर्यंत, फुग्याची नको. गळा पुढून खोल, व्ही किंवा यू. बोटनेक, म्हणजे खांद्यापासून खांद्यापर्यंत आडवा गळा, आपल्यासारख्या रुंद खांद्याच्या माणसाने कपाटातसुद्धा ठेवू नये. छातीला वाटीसारखा वेगळा तुकडा जोडलेल्या कटोरी ब्लाऊजचा मोह पहिल्या वर्षी टाळा, कटोरी जरा हलली की रिकामी पडते. छातीवरून खालपर्यंत उभी शिवण असलेला प्रिन्सेस कट जास्त क्षमाशील आहे. साडीबरोबर येणारा ब्लाऊजपीस ८० सेंटीमीटरच्या आसपास असतो, आपल्याला पुरत नाही. सव्वा मीटर टू बाय टू, म्हणजे ब्लाऊजचं साधं कापड, घ्या, रंग जुळवायला साडी बरोबर न्या.

आणि टेलरला सांगायचं काय? 'गॅदरिंग आहे', 'नाटक आहे' ही थाप एकदा चालते. चौथ्या ब्लाऊजला नाटक कुठलं, तिकीट कितीचं, असं विचारतात. त्यापेक्षा 'माझ्यासाठीच आहे, अंगावर माप घ्या' हे एक वाक्य घरून पाठ करून जा. लावणी करणाऱ्या पुरुषांचे कपडे शिवणारे टेलर आपल्याकडे आहेत, त्यांना यात नवल वाटत नाही. ज्याला वाटलं त्याच्याकडून कापड परत घ्या आणि पुढचं दुकान गाठा.

इथे कोणीतरी बालगंधर्वांचं नाव काढतोच. बायका त्यांच्यासारख्या साड्या नेसायच्या, खरं आहे. पण त्यांना रंगमंचाचा दिवा होता आणि बघणारा लांब बसलेला होता. तुमच्या आरशासमोर ट्यूबलाइट आहे आणि अंतर तीन फूट. स्वतःची तुलना सोसायटीतल्या मध्यमवयीन काकूंशी करा, लवकर समाधान मिळेल.

बाकी पटापट. बांगड्या २-१० किंवा २-१२ मापाच्या, साबण लावून चढवा, काचेच्या मात्र सवय झाल्यावर. चपला सपाट घ्या. बायकांचे नंबर बहुतेक दुकानांत ४१ ला संपतात. दाढीची निळी छटा फाउंडेशनने जात नाही, खाली नारिंगी करेक्टरचा पातळ हात द्या.

कपडे ठेवायचे कुठे, हे तुमचं घर ठरवेल. माझे माळ्यावरच्या बॅगेत असतात. रेशमी साडी जुन्या सुती कापडात गुंडाळा, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका, दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडा नाहीतर तिथेच विरते.

एक दिवस असा येतो की सगळ्याचा वीट येतो. 'बस झालं, आता यापुढे नाही' म्हणून माणूस रात्री अख्खी बॅग कचऱ्याच्या गाडीत टाकतो. माझ्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाने हे केलंय. सहा महिन्यांनी परत दुकानात उभे. असं वाटेल तेव्हा बॅगेला कुलूप लावा आणि किल्ली विश्वासातल्या मित्राकडे द्या. मी दोनदा टाकून दिलं. दुसऱ्या खेपेला मापाचा ब्लाऊजही गेला. साड्या आठवड्यात परत घेतल्या, तो ब्लाऊज परत जमवायला दिवाळी ते होळी लागली.